ओले दार, कोरडी गाडी

मोटारगाडीचे दार पाऊस बाहेर अडवण्यासाठी असते, हा समज इतका सार्वत्रिक आहे की पावसाळ्यात पायाखालचे कार्पेट ओले लागताच गाडीमालकाचे, आणि पुष्कळदा कारागिराचेही, लक्ष दाराभोवतीच्या रबराकडे जाते व त्या रबरावर सिलिकॉनची अख्खी नळी रिकामी केली जाते. प्रत्यक्षात दाराची घडण पाणी अडवण्याच्या नव्हे, तर आत आलेल्या पाण्याला बाहेरची वाट दाखवण्याच्या तत्त्वावर झालेली असते. भर पावसात उभ्या असलेल्या कोणत्याही धडधाकट गाडीच्या दाराचे पोट आतून ओलेच असते, आणि तरीही तिच्या कार्पेटवर थेंब पडत नाही. ही गोष्ट लक्षात न घेता केलेली दुरुस्ती बहुधा ‘दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला’ या जातीची ठरते, आणि तिच्यामुळे कधीकधी मूळचे दुखणे बळावतेही.

दार म्हणजे पत्र्याच्या दोन थरांची एक पोकळ पेटी असते. बाहेरचा पत्रा रंगवलेला, दिसायला देखणा. आतला पत्रा मात्र जागोजागी मोठमोठी भोके पाडलेला, कारण त्या भोकांतूनच काच, लॉक, स्पीकर आणि काच वर-खाली करणारी यंत्रणा, जिला गॅरेजमध्ये ‘काचेचे मशीन’ म्हणतात, ती बसवावी आणि दुरुस्त करावी लागते. या पेटीच्या वरच्या काठाला काच उतरण्यासाठी एक लांबट फट ठेवलेली असते आणि त्या फटीच्या बाहेरच्या ओठाला रबराची, मखमली लव असलेली पट्टी बसवलेली असते. ही पट्टी काचेवरचे पाणी पुसून काढते, पण फट बंद करत नाही. ती काचेला घट्ट आवळून धरेल अशी केली, तर काच वर-खाली होणारच नाही. त्यामुळे जोराच्या सरीत काचेवरून ओघळणारे काही पाणी त्या पट्टीला चुकवून दाराच्या पोटात उतरते, बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाने खाली येते आणि तळाशी ठेवलेल्या दोन-चार भोकांतून रस्त्यावर पडते. कौलारू घराची रीतही हीच आहे: कौले पाणी थोपवत नाहीत, ते फक्त उतरवतात, आणि आढ्याचे पाणी वळचणीला येऊन पागोळ्यांनी बाहेर पडते. मोटारीच्या दारात ही वळचण पत्र्याच्या आड गेल्यामुळे दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

मग ओल्या आणि कोरड्या भागांमधली सीमारेषा कोणती, असा प्रश्न उरतो. ती रेषा म्हणजे दाराभोवतीचे रबर नव्हे, तर आतल्या पत्र्यावर चिकटवलेला प्लास्टिकचा एक कागद होय. काही गाड्यांत तो साध्या पॉलिथिनचा, काहींत मऊ फोमचा असतो आणि त्याच्यावर, प्रवाशाच्या बाजूने, हात टेकण्याची जागा व खिसे असलेले आवरण, म्हणजे ‘डोअर पॅड’, क्लिपांनी बसवलेले असते. कागद चिकटवण्यासाठी ब्युटाइल नावाच्या कृत्रिम रबराची काळी, चिवट वात वापरतात. हा पदार्थ कधीच सुकून कडक होत नाही, वर्षानुवर्षे चिकट राहतो, आणि म्हणूनच पत्रा तापला, आकसला किंवा हादरला तरी जोड सुटत नाही. कागदाची खालची कड बहुतेक रचनांत पत्र्यावर नुसती चिकटवलेली नसते, तर पत्र्यातल्या एका खाचेतून दाराच्या पोटात खोचलेली असते, जेणेकरून कागदावर उडालेला प्रत्येक थेंब घरंगळत पुन्हा ओल्या बाजूलाच जावा. दाराच्या सगळ्या रचनेत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी रुबाबदार असलेला हा भाग सर्वांत महत्त्वाचे काम करतो, आणि तो दिसत नसल्यामुळे त्याची किंमत कोणालाच नसते.

त्याचा नाश कसा होतो, हे पाहण्यासारखे आहे. नवीन गाडीला मोठे स्पीकर बसवायचे असतात, जुन्या गाडीचे काचेचे मशीन बदलायचे असते, सेंट्रल लॉकची मोटर गेलेली असते, किंवा ठोकर लागलेला पत्रा आतून उचलून सरळ करायचा असतो. प्रत्येक वेळी डोअर पॅड निघते आणि त्यामागचा कागद ओढून बाजूला केला जातो. घाईतला कारागीर तो पात्याने कापतो, स्पीकरपुरते भोक मोठे करतो, काम झाल्यावर धूळ बसलेल्या ब्युटाइलवर कागद हाताने दाबल्यासारखा करतो, आणि फाटलेल्या जागी इन्सुलेशन टेप लावून पॅड ठोकून बसवतो. धूळ लागलेले ब्युटाइल पकड धरत नाही व टेप ओलाव्यात काही आठवड्यांत सुटते. काम हिवाळ्यात झाले असेल तर जूनपर्यंत कोणालाही पत्ता लागत नाही, आणि जूनमध्ये गळती सुरू झाल्यावर डिसेंबरमधल्या स्पीकरची आठवण कोणालाही होत नाही. कागद खालच्या कडेला सुटला की दाराच्या पोटातले पाणी भोकांतून, स्पीकरच्या कडेने, किंवा लॉकच्या दांडीवरून आणि वायरवरून चालत आतल्या पत्र्याच्या प्रवासी बाजूला येते, डोअर पॅडच्या मागून खाली उतरते आणि उंबऱ्यावर ठिबकते. येथे नेमकी मेख आहे: हे पाणी दाराभोवतीच्या रबराच्या आतल्या बाजूला पडते. रबर कितीही नवे आणले, तरी त्याच्या आत पडणारे पाणी ते अडवणार कसे? डोअर पॅडच्या खालच्या कडेला ओल किंवा मातीच्या रेघा दिसणे आणि उंबऱ्यावरच्या प्लास्टिकच्या पट्टीची आतली बाजू ओली असून बाहेरची कोरडी असणे, ही या दोषाची जवळजवळ निर्णायक खूण समजावी.

दुसरा दोष तळाच्या भोकांचा. दाराच्या खालच्या दुमडीत असलेली ही चपटी भोके सुकलेली पाने, धूळ आणि पावसाळी चिखल यांनी बुजतात. गाडीच्या खालून गंजरोधक काळा लेप फवारताना ती लेपाखाली गेल्याचेही आढळते. मग दाराचे पोट पखालीसारखे भरते, दार उघड-बंद करताना आत पाणी डचमळल्याचा आवाज येतो, आणि पातळी कागदाच्या खालच्या कडेपर्यंत चढली की धडधाकट कागदाचाही इलाज चालत नाही. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत तर ही भोके उलट्या दिशेने काम करतात: बाहेरचे पाणी त्यांतूनच दारात शिरते आणि ओसरताना गाळ मागे ठेवते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला, त्या मुंबईतल्या, किंवा ऑगस्ट २०१९ मधल्या सांगली-कोल्हापूरच्या व जुलै २०२१ मधल्या चिपळूणच्या पुरात सापडलेल्या गाड्यांची आसने धुतली जातात, कार्पेट बदलले जाते, पण दाराच्या तळाशी बसलेला गाळ पुढच्या पावसाळ्यापर्यंत तसाच राहू शकतो. भोके मोकळी करण्यासाठी स्क्रू-ड्रायव्हर वापरू नये, कारण त्याच्या टोकाने आतला रंग खरवडला जातो आणि तेथूनच गंजाला सुरुवात होते. वायरी बांधायची प्लास्टिकची पट्टी या कामाला पुरते. भोक मोकळे होताच काळपट पाण्याची धार लागली, तर रोगाचे निदान आणि उपचार एकाच वेळी झाले असे म्हणता येते. ही भोके वाऱ्याचा आवाज येतो किंवा धूळ जाते म्हणून कोणी बुजवून देऊ करत असेल, तर त्याला साफ नकार द्यावा.

याचा अर्थ दाराभोवतीचे रबर, ज्याला बाजारात ‘बीडिंग’ म्हणतात, कधीच दोषी नसते असा नाही. ते बहुधा ईपीडीएम या उन्हाला आणि ओझोनला तोंड देणाऱ्या कृत्रिम रबराचे असते. त्याचा एक भाग चौकटीच्या पत्र्यावर चिमट्यासारखा बसतो आणि दुसरा भाग पोकळ नळीसारखा असतो, जो दार बंद झाल्यावर दबून दोन पत्र्यांमधली जागा भरतो. वर्षानुवर्षे दबून राहिलेली नळी पुन्हा फुगेनाशी होते, चढ-उताराच्या जागी चिरते, किंवा पाय घासून खालच्या कोपऱ्यात फाटते. पुष्कळदा रबर ठीक असते, पण बिजागरी झिजल्यामुळे दार किंचित लोंबलेले असते, अथवा अपघातानंतरच्या डेंटिंगमध्ये चौकट एक-दोन मिलिमीटर सरकलेली असते, आणि त्यामुळे एका बाजूला रबर चेपते तर दुसऱ्या बाजूला नुसते टेकते. हे ओळखण्याची जुनी पद्धत आजही उत्तम आहे: कागदाची पट्टी चौकटीवर ठेवून दार लावावे आणि ती ओढून पाहावी. पट्टी सगळीकडे सारख्या जोराने अडकली पाहिजे. एखाद्या ठिकाणी ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली, तर गळतीची जागा तेथेच शोधावी. दाराच्या कडेला टाल्कम पावडर लावून दार एकदा बंद करून उघडल्यास रबरावर उमटलेली अखंड पांढरी रेघ किंवा तिच्यातला खंड हीच माहिती आणखी स्पष्टपणे देतो. दार लोंबले असेल तर चौकटीवरचा लॉकचा आकडा सैल करून किंचित आत सरकवणे आणि बिजागरी नीट करणे, हा उपाय नव्या रबरापेक्षा स्वस्त आणि अधिक टिकाऊ असतो. रबर मऊ राहावे म्हणून ग्रीस किंवा इंजिन ऑइल चोळण्याची सवय मात्र घातक आहे. खनिज तेलाने ईपीडीएम फुगते आणि पिचते, त्याला चालते ते सिलिकॉन ग्रीस.

उभ्या गाडीत न गळणारे दार महामार्गावर गळते, अशी तक्रार ऐकून कारागीर गाडीमालकाकडे संशयाने पाहतो, पण तिच्यात तथ्य असते. वेगाने जाताना काचेच्या बाहेरच्या अंगाला हवेचा दाब घटतो, दाराची वरची चौकट बाहेरच्या बाजूला किंचित ओढली जाते, आणि जेमतेम टेकलेले रबर तेवढ्यापुरते सुटते.

दारावर दोषारोप करण्यापूर्वी इतर आरोपी तपासणे आवश्यक ठरते, कारण गाडीच्या तळाचा पत्रा उताराचा आणि वळकट्यांचा असल्याने पाणी एका ठिकाणी शिरते व दुसऱ्याच ठिकाणी साचते. पुढे डाव्या प्रवाशाच्या पायाशी साचलेले पाणी स्वच्छ असेल, पाऊस नसतानाही एसी चालवल्यावर वाढत असेल, तर एसीच्या कूलिंग कॉइलवर जमणारे दंव बाहेर टाकणारी रबरी नळी तुंबलेली असते. दमट हवेत त्या कॉइलवर तासाभरात लिटरभर पाणीसुद्धा जमू शकते, आणि सुस्थितीतल्या गाडीखाली दिसणारे ओघळ हे तेच पाणी होय. पाणी रंगीत, चिकट आणि गोडसर वासाचे असेल, तर ते पाणी नसून हीटरमधून गळणारे कूलंट असते. पुढच्या काचेच्या तळाशी, वायपरच्या खाली, काळ्या जाळीआड एक पन्हळ असते. तिच्यातले पाणी बाजूच्या नळ्यांनी खाली जावे अशी योजना असते, परंतु गाडी गुलमोहर, चिंच किंवा सोनमोहोराखाली उभी राहत असेल, तर त्या झाडांची जाळीतून सहज जाणारी बारीक पाने आत कुजून नळ्यांची तोंडे बंद करतात आणि पाणी ब्लोअरच्या वाटेने आत येते. सनरूफची कथा तर दाराचीच पुनरावृत्ती आहे. सनरूफच्या काचेभोवतीचे रबर सगळे पाणी अडवत नाही. आत आलेले पाणी भोवतालच्या पन्हळीत पडून कोपऱ्यांतल्या नळ्यांनी खांबांच्या आतून खाली जाते, आणि यांपैकी एक नळी तुंबली की छताचे कापड किंवा खांबाचे आवरण ओले होते. पुढची काच बदलल्यानंतर तिच्या चिकटपट्टीत राहिलेली पोकळी, आणि वायरी इंजिनाकडून आत येतात तेथली रबरी बुचे, हेही संशयित आहेत.

निश्चित निदानासाठी एक बाग शिंपायची नळी, विजेरी आणि आत बसायला तयार असलेला एक माणूस पुरतो. कार्पेट उचलून आणि शक्य झाल्यास डोअर पॅड काढून ठेवावे, आणि पाणी फवारा न मारता साध्या धारेने, खालून वर या क्रमाने सोडावे: प्रथम दाराची खालची कड, काही मिनिटांनी बाजू, मग काचेची फट, त्यानंतर वरची चौकट आणि शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी एकाच वेळी सगळ्या जागांवरून वाहते आणि कोणत्या जागेने दगा दिला हे कळत नाही. गाडी धुण्याच्या यंत्राचा जोरदार फवारा या कामी निरुपयोगी आहे, कारण तो धडधाकट रबरालाही उचलून आत पाणी घुसवतो व निर्दोष जोड दोषी ठरवतो.

कागदाची दुरुस्ती हे अवघड काम नाही, मात्र ते चिकाटीचे आहे. डोअर पॅडचे स्क्रू बहुधा हँडलच्या वाटीत आणि हात टेकण्याच्या जागेत लहान झाकणांखाली दडलेले असतात. ते काढून खालच्या कोपऱ्यापासून रुंद प्लास्टिकच्या पट्टीने एकेक क्लिप सोडवावी, आणि पॅड ओढून न घेता आधी काचेच्या बटणांचे वायरींचे जोड सोडवावेत. जुने ब्युटाइल पुसायला गेले तर पसरते. त्याचाच गोळा करून तो टिपत गेल्यास उरलेले त्याला चिकटून निघून येते. पत्रा कोरडा आणि तेलकटपणाविना स्वच्छ करून ब्युटाइलची नवी वात कोठेही खंड न पडू देता फिरवावी, आणि मूळ कागद फाटलेला असेल तर त्याच्या मापाने जाड पॉलिथिन कापून घ्यावे. जोड द्यावाच लागला, तर वरचा तुकडा दाराच्या पोटाच्या बाजूने खालच्या तुकड्यावर यावा, म्हणजे ओघळ फटीत न शिरता तिच्यावरून जाईल. कौल चढवणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. खालची कड खाचेत खोचावी, हेअर ड्रायरने ऊब देत वात दाबून घ्यावी, आणि वायर ज्या ठिकाणी कागदातून बाहेर येते तेथे तिला खाली झोका देऊन मग वर न्यावे, म्हणजे तिच्यावरून चालणारा थेंब झोक्याच्या तळाशीच गळून पडतो. बाजारात मिळणारे, लावताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन येथे वापरू नये. त्या वासाचे कारण असलेले आम्ल पत्र्याला गंजवते, आणि सिलिकॉनचा थर एकदा बसला की त्याच्यावर दुसरे काहीही चिकटत नाही. काही आधुनिक गाड्यांत हा कागद आणखी एक काम करतो: बाजूने धडक बसल्याची चाहूल घेणारा संवेदक दाराच्या पोकळीतल्या हवेचा दाब एकाएकी वाढल्यावरून ती ओळखतो, आणि पोकळी नीट बंद नसेल तर त्याच्या मापनात बाधा येऊ शकते. अशा गाडीत फाटका कागद हा केवळ ओलीचा प्रश्न राहत नाही.

गळती थांबली म्हणजे अर्धेच काम झाले, कारण आत शिरलेले पाणी आपोआप जात नाही. वरून दिसणारे कार्पेट हा केवळ पातळ पापुद्रा असतो. त्याच्या खाली आवाज व उष्णता अडवण्यासाठी फोमचा किंवा चिंध्यांच्या तंतूंच्या नमद्याचा जाड थर असतो आणि तो स्पंजासारखा लिटरच्या लिटर पाणी धरून ठेवतो. वरचा पापुद्रा हाताला कोरडा लागतो, तेव्हाही खालचा थर पिळण्याइतका ओला असू शकतो. नुसत्या वाऱ्यावर तो का वाळत नाही, याचा हिशेब उद्‌बोधक आहे. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरते. कोकणातल्या जुलैमध्ये आर्द्रता ८५ टक्के असेल, तर त्यांपैकी जवळजवळ २६ ग्रॅम तिने आधीच धरलेले असते आणि आणखी चार-साडेचार ग्रॅमांचीच जागा उरते. गाडीच्या आतली हवा साधारण तीन घनमीटर धरली, तर ती एका वेळी अवघे चमचाभर, म्हणजे तेरा-चौदा ग्रॅम, पाणी उचलू शकते. नमद्यात चार लिटर पाणी असेल, तर आतली सगळी हवा तीनशेच्या आसपास वेळा बदलावी लागेल. बंद काचांच्या गाडीत ते कसे व्हावे? याउलट पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत उतरते तेव्हा तीच हवा एका घनमीटरमागे २४ ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक पाणी उचलते, आणि म्हणून वळवाच्या सरीने भिजलेली गाडी काचा उतरवून उन्हात ठेवल्याने खरोखरच वाळते. वळवाला चालणारा उपाय आषाढात चालत नाही, हे कारण त्यामागे आहे.

पावसाळ्यात एसी हेच वाळवण्याचे साधन ठरते, कारण त्याची थंड कॉइल हवेतले बाष्प पाण्याच्या रूपाने बाहेर टाकते. १० अंशांपर्यंत थंड झालेल्या हवेत घनमीटरला नऊ-साडेनऊ ग्रॅमच बाष्प उरते. तीच हवा आत पुन्हा कोमट झाली की वीस ग्रॅमांपेक्षा अधिक पाणी उचलण्याची ताकद तिच्यात येते. म्हणून काचा बंद ठेवून, हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण दाबून, एसीबरोबर हीटरही लावून वारा पायांकडे सोडावा; मात्र इंजिन चालू असलेली गाडी बंद गॅरेजमध्ये ठेवू नये, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो. ज्यांच्या पार्किंगमध्ये विजेची सोय आहे, त्यांना बाष्प शोषणारे डीह्युमिडिफायर यंत्र भाड्याने मिळाल्यास काम अधिक सोपे होते.

परंतु यांपैकी कोणत्याही उपायापूर्वी कार्पेट उचलावे लागते. ते न उचलता एसी लावणे म्हणजे झाकण ठेवून भाजी आटवणे होय. उंबऱ्यावरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या क्लिपांतून सुटतात, पुढची आसने बहुधा चार बोल्टांवर असतात, आणि ती काढल्यावर कार्पेट कडेने वर येते. आसनाखाली पिवळ्या रंगाचे वायरींचे जोड असतील तर ते एअरबॅगचे किंवा सीटबेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेचे असतात. बॅटरी सोडवून काही मिनिटे थांबल्याशिवाय त्यांना हात लावू नये, आणि या बाबतीत सराव नसलेल्याने काम जाणकाराकडे सोपवावे. साचलेले पाणी ओले शोषणाऱ्या व्हॅक्यूमने ओढून घ्यावे. ते नसेल तर जुने पंचे नमद्यावर अंथरून त्यांवर उभे राहावे, पंचे पिळावेत आणि पुन्हा अंथरावेत. कंटाळवाण्या वाटणाऱ्या या कामाने पहिल्या तासात निघणारे पाणी पंखा चार दिवसांतही काढत नाही. त्यानंतर कार्पेटखाली लाकडाचे ठोकळे घालून ते तळापासून वीतभर उचलून धरावे आणि टेबल फॅनचा वारा वरून न सोडता त्या पोकळीत सोडावा. तांदळाच्या पुरचुंड्या किंवा सिलिका जेलच्या पुड्या लिटरभर पाण्यापुढे नगण्य असतात. बाष्प शोषणाऱ्या डब्यांत कॅल्शियम क्लोराइड असते आणि ते शेवटच्या ओलाव्यासाठी उपयोगी पडते, पण डबा कलंडला तर ते खारट द्रावण कार्पेटला कायमची ओल आणि पत्र्याला गंज देते, म्हणून डबा चालत्या गाडीत ठेवू नये. काम पूर्ण झाले का, हे कागदी रुमालाची जाड घडी नमद्यावर ठेवून मिनिटभर तळव्याने दाबल्यास कळते. सकाळी काचांना आतून धुके चढत असेल, तर ओल अजून कोठेतरी आहेच.

घाई करण्याचे कारण बुरशी. ओले कापड आणि उबदार हवा मिळाली की एक ते दोन दिवसांत तिचा जम बसू लागतो, आणि त्यानंतर येणारा कुबट वास सुगंधी डब्या टांगून जात नाही, फक्त दोन वास एकत्र नांदू लागतात. बुरशीचे पांढरे-हिरवे ठिपके गाडीबाहेर, तोंडाला मास्क लावून आधी कोरडेच झाडावेत. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून सौम्य साबणाने धुवावेत आणि पूर्ण वाळल्यावरच आत जाऊ द्यावेत. एसीचा फिल्टर बदलावा. ब्लीचचा मोह टाळावा, कारण ते कापडाचा रंग आणि पट्ट्याची ताकद दोन्ही घालवते.

सर्वांत जास्त नुकसान मात्र दिसत नाही असे असते. ओला नमदा तळाच्या पत्र्याला महिनोन्‌महिने बिलगून राहतो, कार्पेटखालून जाणाऱ्या वायरींच्या जोडांवर हिरवा क्षार चढतो, लॉक आपोआप लागू लागते, एअरबॅगचा दिवा विनाकारण पेटतो, आणि कारागीर सुटे भाग बदलत राहतो. महाबळेश्वरसारख्या वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या गावात किंवा खाऱ्या हवेच्या रत्नागिरी-मालवणात दाराखालची चौकट, जिला डेंटर ‘रनिंग बोर्ड’ म्हणतात, ती आतून पोखरली जाऊन एके दिवशी जॅक लावताना दबते. या खर्चासमोर ब्युटाइलच्या एका वेटोळ्याची किंमत किरकोळ आहे. म्हणून दारात नवे स्पीकर किंवा काचेचे नवे मशीन बसवून घेताना गाडीमालकाने चहाला न जाता शेजारी उभे राहावे, आणि प्लास्टिकचा तो कागद चारी कडांनी चिकटलेला व खालच्या खाचेत खोचलेला स्वतः पाहिल्याशिवाय डोअर पॅड बसवू देऊ नये.